सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे का? वारस नोंद, वाटणी अन् बायकोचं नाव लावायची पद्धत, कागदांसकट

शेतीचा धंदा नीट करायचा म्हटलं की आपल्याकडे बोलणं सुरू होतं ते ड्रिपपासून, बियाण्यापासून, नाही तर दालमिल टाकायची की शेळ्या पाळायच्या इथून. मी मात्र सगळ्यात आधी विचारतो, भाऊ, सातबारा कोणाच्या नावावर आहे? अर्ध्या घरांत उत्तर येतं, "बुढ्याच्याच नावावर आहे अजून, करून घेऊ." बुढा जाऊन आठ-दहा वर्षं झालेली असतात.

पूर्वी हे चालून जायचं. कापूस व्यापाऱ्याला दिला, पैसे हातात घेतले, सातबारा कोणी मागत नव्हतं. आता तसं राहिलं नाही. शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी काढायचा तर सातबाऱ्यावर तुमचं स्वतःचं नाव पाहिजे अन् ते आधारशी जुळलं पाहिजे. पीक विम्याला २०२५ च्या खरिपापासून हा आयडी लागतो, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या योजनांनाही लागतो. सीसीआयला (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) कापूस द्यायचा तर २०२५ पासून कपास किसान ॲपवर नोंदणी आली, तिथं पीक नोंद असलेला सातबारा लागतो, हमीभावानं तूर अन् सोयाबीन द्यायलाही पीक पेऱ्याची नोंद बघतात. मेलेल्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा कुठून आणणार? म्हणजे वावर तुम्ही कसता, कर्ज तुम्ही काढता, गारपीट तुमच्या पिकावर होते, पण कागदावर तुम्ही कोणीच नाही.

आमच्या घरचंच सांगतो. आजोबा २०११ मध्ये गेले, वावर वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे, पाच एकर. आजी, बाबा, काका अन् दोन आत्या असे पाच वारस होते, पाच सह्या अन् काम झालं असतं. पण "आपसातलंच आहे, घाई काय" म्हणून राहून गेलं. मधल्या काळात २०१७ ला मोठी आत्या वारली. मंग २०२३ मध्ये अर्ज करायला गेलो तर तिच्या जागी तिचे यजमान अन् तीन लेकरं वारस म्हणून आली, त्यातला एक आतेभाऊ सुरतला. पाचाचे आठ झाले. अन् आम्ही पहिल्या अर्जात काय केलं, तर फक्त बाबा अन् काकाचं नाव लिहिलं, कारण गावात सगळे तसंच करतात. धाकट्या आत्यानं हरकत घेतली अन् तिचं बरोबरच होतं. तक्रारी केसमध्ये सात महिने गेले, त्या सात महिन्यांत पीक कर्जाचं नूतनीकरण अडलं अन् बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर घ्यावं लागलं. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी वारस नोंद.

खातेदार वारल्यावर वारसांनी ३ महिन्यांच्या आत पटवाऱ्याला (म्हणजे तलाठी, आता सरकारी नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, पण आपण पटवारीच म्हणतो) कळवायचं असतं, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ मध्ये हे आहे. ३ महिने उलटून गेले म्हणून हक्क जात नाही, १२ वर्षांनी केला तरी नोंद होते, फक्त आमच्यासारखे वारस वाढत जातात. अर्ज पटवाऱ्याकडे हातोहात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो, सेतूवाला भरून देतो, पण ओटीपीसाठी मोबाइल नंबर आपलाच द्या.

वारस कोण हे नीट समजून घ्या. हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगे, मुली अन् वारलेल्या माणसाची आई जिवंत असेल तर तीसुद्धा, सगळे पहिल्या वर्गातले. आईला लोक हमखास विसरतात. मुलगा आधीच वारला असेल तर त्याची बायको अन् लेकरं येतात, मुलगी आधीच वारली असेल तर तिची लेकरं. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचं नाव सुटत नाही, वडिलोपार्जित जमिनीत तिला मुलाइतकाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला अन् ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असलाच पाहिजे असं काही नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला हिस्सा नको असेल तर ती स्वखुशीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकते, पण ते नंतरचं काम, आधी तिचं नाव लागू द्या. नाव लपवून केलेली नोंद पुढं अपिलात उडते, अन् नातं जातं ते वेगळंच. मेळघाट, गडचिरोलीकडच्या आदिवासी कुटुंबांना हा हिंदू वारसा कायदा लागू नाही, मुस्लिम घरांना त्यांचा वेगळा कायदा आहे, तिथं पटवाऱ्याशी अन् गरज पडली तर वकिलाशी आधी बोलून घ्या.

कागद फार नाहीत. मृत्यूचा दाखला, सातबारा अन् आठ-अ (एका खात्यातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, मोबाइल नंबर अन् आधारची झेरॉक्स, राहण्याचा पुरावा, वारसांबद्दल शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, अन् पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामसेवकाचा दाखला. सोबत एका कागदावर वंशावळ काढा, वर आजोबा, खाली लेकरं, वारलेल्यांच्या पुढं तारीख, यानं पटवाऱ्याचं निम्मं काम सोपं होतं. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. मृत्युपत्र असेल तर तेही जोडा, पण त्यामुळं बाकीच्या वारसांना नोटीस जायची थांबत नाही. कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा असं कोणी म्हणालं तर विचारा की वाद आहे का, कारण वाद नसेल तर सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठी कोर्टाची पायरी चढायची गरज नसते. बँकेतल्या पैशाची गोष्ट निराळी.

मृत्यूचा दाखलाच नसेल, असं जुन्या मृत्यूंचं फार आहे. वर्षाच्या वर झालं असेल तर पूर्वी कोर्टातून आदेश आणावा लागायचा, ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला अन् आता कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं नोंद होते, म्हणजे तहसीलमध्येच विचारा.

नावाचं स्पेलिंग आधी बघा. सातबाऱ्यावर "माहादेव", आधारवर "महादेव", बँकेत "महादेवराव", या एका काना-मात्रेनं माणसं महिनोन्महिने फिरलेली मी पाहिली. वारसांची नावं अर्जात आधारवर जशी आहेत तशीच लिहा, अक्षरशः तशीच, कारण पुढं फार्मर आयडी काढताना हीच जुळणी होते.

अर्ज दिल्यावर पटवारी वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये चौकशी टाकतो, मंग गाव नमुना ६ मध्ये फेरफार म्हणजे हक्क बदलल्याची नोंद घेतो, सगळ्यांना नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी असतात. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो अन् सातबाऱ्यावर नावं चढतात. आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं, सुनावणी होते. फेरफार नोटिसा आपली चावडी या सरकारी पोर्टलवर गावाचं नाव टाकून दिसतात, आठवड्यातून एकदा बघत जा, स्वतःचा अर्ज नसला तरी बघा, आपल्या गटावर कोण काय करतंय हे कळतं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

अन् हो, आजोबांच्या नावावरचा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) वारस नोंदीनं उतरत नाही, तो इतर हक्कात तसाच राहतो. बँकेत जाऊन वारसांच्या नावानं खातं बदलून घ्यावं लागतं, ते वेगळं करा.

२०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली, सुरुवात आपल्याच विदर्भातून, बुलढाणा जिल्ह्यातून झाली अन् १ एप्रिलपासून राज्यभर लागू केली. त्यात पटवाऱ्यानं चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या करायच्या अन् मे महिन्यापर्यंत नोंदी पूर्ण करायच्या असं ठरलं होतं. त्या वेळी ज्यांचं राहून गेलं त्यांचा नेहमीचा रस्ता बंद झाला नाही, वर सांगितलेला अर्ज बाराही महिने चालतो. जुन्या सातबाऱ्यावर "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लिहिलेलं असतं, एका भावाचं नाव अन् बाकीचे भाऊ गायब, ते शेरेसुद्धा अर्ज करून कमी करता येतात. त्यासाठी जुने फेरफार काढा, अन् आपल्याकडं नागपूर विभागात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मागून घ्या, पणजोबाच्या नावापासून सगळा धागा त्यात सापडतो.

आता वाटणी. वाटणी म्हटलं की घर फुटलं असं समजतात, मला हे पटत नाही. सातबारा वेगळा करणं अन् चूल वेगळी करणं या दोन गोष्टी आहेत. आमच्याकडं बाबा अन् काकाचे सातबारे वेगळे झाले, पण ट्रॅक्टर एकच आहे, पेरा एकत्रच ठरतो, गडी एकच. फायदा काय झाला, तर दोघांचं पीक कर्ज आपापल्या नावावर, ३ लाखांपर्यंतचं कर्ज ३० जूनच्या आत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत दोघांनाही बिनव्याजी पडतं, विमा दोघांचा वेगळा, महाडीबीटीचे अर्ज वेगळे, अन् एकाचं खातं थकलं तर दुसऱ्याचं अडत नाही. एक वर्ष बोंडअळी, एक वर्ष पिवळा मोझॅक अन् एक वर्ष ऐन सोंगणीत पाऊस अशा दिवसांत दोन पायांवर उभं राहणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

सगळे राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडं अर्ज करायचा. सगळ्या सहधारकांच्या सह्या, चालू सातबारा अन् आठ-अ, कोणाला किती अन् कोणत्या बाजूनं याचा तक्ता, कच्चा नकाशा, संमतीचं शपथपत्र. तहसीलदार नोटीस काढतो, सगळ्यांचे जबाब घेतो, मंग वाटपाचा आदेश, मंग फेरफार. पोटहिस्सा मोजणी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून होते, तिची फी वेगळी लागते अन् ती टाळू नका, धुऱ्याची म्हणजे बांधाची भांडणं तिथंच मिटतात. कच्च्या नकाशात विहीर, बोअर, झाडं अन् जायचा रस्ता नक्की दाखवा. आम्ही विहिरीचं पाणी चार-चार दिवसांच्या पाळीनं असं लिहूनच घेतलं अन् मागच्या वावरात जायला धुऱ्यानं बैलगाडी जाईल इतकी वाट सोडली, हे आदेशात आलं म्हणून आजवर कोणी कोणाला अडवलं नाही.

दुसरा मार्ग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्राचा, शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी राज्य मंत्रिमंडळानं मे २०२५ मध्ये माफ केली. घरात कोणी हक्कच नाकारत असेल तर मात्र तहसीलदार काही करू शकत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं. तुकडेबंदीचंही बघा, बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून प्रमाणभूत म्हणजे कमीत कमी क्षेत्र जिरायतीला २० गुंठे अन् बागायतीला १० गुंठे आहे, त्याखालचा तुकडा पडत असेल तर वाटणी तशी होत नाही, अशा वेळी एका भावानं जमीन अन् दुसऱ्यानं विहीर-गोठा-घर असं जुळवता येतं का ते बसून बघा.

अन् बायकोचं नाव. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती परिपत्रकानं नवरा हयात असतानाच स्वतः अर्ज देऊन बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो, बायकोला परस्पर अर्ज करता येत नाही, नवऱ्यानंच करावा लागतो. निंदण, वेचणी, डवरणीच्या मागं फिरणं, सगळं ती करते, अन् नवरा अचानक गेला की पहिला प्रश्न येतो "नाव कुठं आहे?" आपल्या भागात अशा किती बाया सासरच्यांच्या दारात कागदासाठी उभ्या राहिल्या हे मला सांगायची गरज नाही. मी माझ्या हिश्शावर बायकोचं नाव मागच्या वर्षी लावलं, एक अर्ज, लग्नाचा पुरावा, दोघांचं आधार, बस.

पीएम किसानबद्दल लोक हमखास विचारतात म्हणून सांगून ठेवतो. त्या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर असणं बघतात, नंतर वाटणीनं किंवा बायकोचं नाव लावून आलेल्याला त्याचा नवा हप्ता सुरू होत नाही. खातेदार वारल्यामुळं वारसानं जमीन आली असेल तर मात्र चालतं, म्हणून अर्जात वारस फेरफाराचा नंबर अन् मृत्यूचा दाखला लावायचा. तसंच वारलेल्या माणसाच्या खात्यात हप्ते येत राहिले तर कळवून बंद करा, नाही तर नंतर वसुली निघते.

अर्ज कधी द्यायचा म्हणाल तर उन्हाळवाहीच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा सुरत-पुण्याची पोरं लग्नकार्याला गावाला येतात, सगळ्यांच्या सह्या एका दिवसात होतात, अन् जूनमध्ये कर्जाची फाईल टाकायच्या आत नवा सातबारा हातात येतो. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या, तारीख दिसली पाहिजे.