आपला पैलवान शेवटच्या कुस्तीला

मामेभावाचं लग्न झालं आणि नागपूरची सून घरात आली. गेल्या महिन्यात जेवताना तिनं सहज विचारलं, "कोल्हापूरचा एखादा तरी बघायलाच हवा असा सिनेमा दाखवा की मला." मंगळवार पेठेतल्या घरात हा प्रश्न विचारायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली या गावात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली, याचा राग आमचे मामा अजून काल घडल्यासारखा काढतात. इथं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी जयप्रभा स्टुडिओत गर्दीत उभं राहिलेलं असतं, निदान तसं सांगत तरी असतं. त्यामुळे ताटावर हात वाळले तरी याद्या संपेनात.

शेवटी तीन सिनेमे उरले. मामांचा क्रम असा: आधी भालजींचा ऐतिहासिक, मग तमाशापट, शेवटी विनोदी. माझा: तमाशापट, विनोदी, ऐतिहासिक. मामेभावाचा: विनोदी, ऐतिहासिक, तमाशापट. मी म्हटलं, सोपं आहे, दोन-दोन सिनेमांची कुस्ती लावू, ज्याच्या बाजूनं दोघं तो जिंकला.

ऐतिहासिक विरुद्ध तमाशापट: मामा आणि मामेभाऊ एकीकडे, ऐतिहासिक जिंकला. तमाशापट विरुद्ध विनोदी: मामा आणि मी, तमाशापट जिंकला. म्हणजे ऐतिहासिक सगळ्यात वर, असं वाटतं ना? पण विनोदी विरुद्ध ऐतिहासिक लावली, तर मी आणि मामेभाऊ विनोदीकडे! पहिल्यानं दुसऱ्याला चीत केलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसऱ्यानं उठून पहिल्याला अस्मान दाखवलं. आमच्यातल्या एकेकाची आवड अगदी सरळ होती. तिघांची मिळून मात्र गोल फिरायला लागली.

फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी १७८५ साली नेमका हाच घोळ मांडून ठेवला आहे. त्यांच्यासमोर मतदानाचा प्रश्न होता, आमच्यासमोर सिनेमाचा, एवढाच फरक.

मामा शाळेत गणितात काठावर पास, पण खासबागेच्या कुस्ती मैदानात आयुष्य गेलेलं. ते लगेच म्हणाले, "तिन्ही कशाला लावतोस? आधी तमाशा आणि विनोदी लाव. जो राहील त्याच्याशी माझा." लावून बघा. तमाशापट जिंकतो आणि अंतिम कुस्तीत ऐतिहासिककडून हरतो. मामेभावाच्या लक्षात आलं, "आप्पा, आधी तुमचा आणि तमाशा लावूया." आता ऐतिहासिक जिंकतो आणि शेवटी विनोदीकडून मार खातो. मतं तीच, माणसं तीच, फक्त कुस्त्यांचा क्रम बदलला. असा घोळ असेल तिथं आपला पैलवान शेवटच्या कुस्तीला राखून ठेवायचा, बस्स. सभेत ठराव कुठल्या क्रमानं मताला टाकायचे हे ठरवणाऱ्याचा वट का असतो, तेही यातच आलं.

मग गुण देऊ, असं ठरलं. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. कोंदोर्से यांच्याच काळातले बोर्दा ही पद्धत सुचवून गेले. आमच्या तिघांचे गुण मांडले तर प्रत्येक सिनेमाला ६! तेवढ्यात मामी पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी क्रम सांगितला: तमाशापट, ऐतिहासिक, विनोदी. झाले गुण ९, ८ आणि ७. तमाशापट जिंकला, मी टाळी वाजवली.

"थांब," मामा म्हणाले. "मला विनोदी दोन नंबरला पायजे. तमाशा तिसरा."

सगळ्यांना ८.

मामांना विनोदी सिनेमा अजिबात आवडत नाही. तो वर चढवला तो तमाशापटाला पाडण्यासाठी. यावर इलाज आहे का? १९७३ मध्ये गिबार्ड आणि १९७५ मध्ये सॅटर्थवेट या अभ्यासकांनी सिद्ध केलं, की असा इलाज नाहीच. जिंकू शकतील असे पर्याय तीन किंवा जास्त आहेत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत आणि एकट्याचीच मर्जी चालवायची नाही, एवढं धरलं की प्रत्येक पद्धतीत कधी ना कधी खोटा क्रम सांगणाऱ्याचा फायदा होतोच.

पण मामा एका सिनेमासाठी एवढी लबाडी का करतात? इथं गणित संपतं आणि स्मरणशक्ती सुरू होते. वय वाढलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या जास्त निघतात. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांना आवडती पुस्तकं, सिनेमे आणि गाण्यांच्या रेकॉर्डी विचारल्या, आणि त्या पहिल्यांदा कधी भेटल्या तेही. तिथंही तारुण्याच्या आसपास तोच उंचवटा दिसला. सगळ्यात मोठा उंचवटा गाण्यांचा होता. त्यांच्या मते कारण उजळणीचं: पुस्तक दोन-तीनदा वाचलं जातं, सिनेमा त्याहून जास्त वेळा पाहिला जातो, गाणं तर असंख्य वेळा ऐकलं जातं.

जाणकारांच्या याद्याही माणसं बदलली की बदलतात. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ ते २००२ सलग पाच वेळा एकच अमेरिकन सिनेमा पहिला आला. २०२२ मध्ये मतदारांची संख्या बरीच वाढवली, आणि पहिला आला शांताल आकेरमान यांचा १९७५ चा सिनेमा, जो दहा वर्षांपूर्वी पहिल्या दहांतही नव्हता. सिनेमा तर तसाच होता.

मी मामांना विचारलं, तुम्ही तो ऐतिहासिक कधी पाहिलात? चौदाव्या वर्षी, वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून जाऊन. परत येताना पाऊस लागला, आणि वडिलांनी स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. सिनेमातल्या नटीचं नाव मात्र काही केल्या आठवेना.

हसलो खरा, पण माझा तमाशापट मी अकराव्या वर्षी गावच्या जत्रेत पाहिला. पुढं जागा नव्हती, म्हणून कापडी पडद्याच्या मागच्या बाजूला बसून. तिथून चित्र उलटं दिसतं. त्या सिनेमाचा नायक डावखुरा आहे, असं मला पुढं कित्येक वर्षं वाटत होतं.