अर्गोस्टेरॉल घटले, पण मागे काय तुंबले?

आपल्या पेशींच्या पटलात जे काम कोलेस्टेरॉल करते, ते यीस्टमध्ये अर्गोस्टेरॉलकडे असते. पटल फार सैलही पडू द्यायचे नाही आणि फार ताठही नाही. ते बनवायला यीस्टला वीसहून अधिक एन्झाइमांची साखळी लागते. ती अडवणारी रसायने बरीच आहेत, पण कडी कुठली तुटते त्यावर परिणाम ठरतो.

कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध स्टॅटिन सुरुवातीलाच, मेव्हॅलोनेट या आरंभीच्या पदार्थापाशी अडवते. तिथून युबिक्विनोनसारख्या (पेशीला ऊर्जा बनवताना लागणारा रेणू) इतर गोष्टींचाही पुरवठा होत असल्यामुळे नुकसान एकट्या स्टेरॉलचे, म्हणजे अर्गोस्टेरॉल-कोलेस्टेरॉलच्या जातीच्या रेणूंचे, होत नाही. बुरशीरोधक टर्बिनाफिन साखळीतले ‘अर्ग१’ एन्झाइम रोखते. मग त्याच्या आधीचा पदार्थ, स्क्वालीन, साचते आणि त्यातले बरेचसे पेशी चरबीच्या थेंबांत भरून ठेवते.

फ्लुकोनाझोलसारख्या अझोलांची, म्हणजे बुरशीरोधक औषधांच्या एका गटाची, गोष्ट खरी गमतीची आहे. त्यांच्या रेणूतला नायट्रोजन ‘अर्ग११’ एन्झाइममधल्या हीमच्या (लोह धरून ठेवणारा भाग) लोहाला चिकटतो आणि लॅनोस्टेरॉल या साखळीतल्या मधल्या स्टेरॉलचा १४व्या कार्बनवरचा मिथाइल गट निघत नाही. साखळीतली पुढची एन्झाइमे मात्र हात बांधून बसत नाहीत. आलेल्या चुकीच्या मालावरच ती काम करत राहतात, आणि शेवटी ‘अर्ग३’ त्यातून पेशीची वाढ रोखणारा एक डायॉल (दोन ‘ओएच’ गट असलेला स्टेरॉल) घडवते. म्हणूनच ‘अर्ग३’ निकामी झालेले यीस्ट अझोलला दाद देत नाही. अर्गोस्टेरॉल त्याच्याकडेही नसतेच, फक्त तो घातक डायॉल तयार होत नाही.

प्रयोगशाळेत मोजणी अशी करतात: ५० मिलि द्रवातले, रात्रभर वाढलेले यीस्ट सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून धुवायचे आणि ओल्या गाळाचे वजन घ्यायचे. २५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३५ मिलि पाण्यात विरघळवून इथेनॉलने १०० मिलि करायचे. त्यातले ३ मिलि गाळात घालून ८५° सेल्सिअसला तासभर ठेवायचे. थंड झाल्यावर १ मिलि पाणी व ३ मिलि हेप्टेन घालून ३ मिनिटे जोरात ढवळायचे आणि वरचा थर स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये बघायचा. अर्गोस्टेरॉल असेल तर २४० ते ३०० नॅनोमीटरमध्ये चार उंचवट्यांची ओळखीची रेघ उमटते. मोजणीचा उंचवटा २८१.५ नॅनोमीटरला. लॅनोस्टेरॉल तिथे प्रकाश शोषत नाही, त्यामुळे अझोलचा परिणाम झाला की रेघ सपाट होते. मात्र सपाट रेघ मागे काय तुंबले ते सांगत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच हवी. शिवाय अर्गोस्टेरॉलच्या आधीची एक पायरी, २४(२८)-डिहायड्रोअर्गोस्टेरॉल, २८१.५लाच शोषते, तिचा वाटा २३० नॅनोमीटरच्या शोषणावरून काढून वजा करावा लागतो.

हमखास फसगत होते ती मात्रेत. औषध भरपूर घातले की पेशी विभागतच नाहीत आणि आधीचे अर्गोस्टेरॉल पटलात तसेच राहते. मग सर्वाधिक मात्रेच्या नमुन्यात अर्गोस्टेरॉल जास्त दिसते, आणि औषध कुचकामी वाटते! नवे बनणे थांबले तरी जुने दर विभाजनाला निम्मेच होते; पाच विभाजनांनंतर सुमारे ३ टक्के उरते. म्हणून वाढ मंदावेल पण थांबणार नाही, अशीच मात्रा निवडावी.

तुलनेच्या नमुन्यात औषधाचा द्रावक, बहुधा डीएमएसओ, तेवढाच घालावा. गाळात पाणी राहिले तर वजन फुगते आणि त्या वजनाशी काढलेली अर्गोस्टेरॉलची टक्केवारी पडते. आणि फ्लास्क गळ्यापर्यंत भरू नये, एकपंचमांश पुरे. स्टेरॉलच्या साखळीला ऑक्सिजन लागतो. हवा कमी पडली तर औषध न घातलेल्या यीस्टचेही अर्गोस्टेरॉल उतरते, आणि मग तुलना कशाशी करणार?