प्रवासोत्तर डोलण्याचा भास

जहाजातून किंवा बोटीतून केलेला लांबचा प्रवास संपल्यावर, स्थिर जमिनीवर उभे असतानाही आपण अजून पाण्यावरच आहोत, अंग हेलकावे घेते आहे, पायांखालची जमीन वरखाली होते आहे, अशी जी जाणीव मागे राहते तिला प्रवासोत्तर डोलण्याचा भास म्हणता येईल. वैद्यकात ती ‘माल द देबार्कमाँ’ या फ्रेंच नावाने ओळखली जाते. समुद्रावरून परतलेल्या पुष्कळ माणसांना हा अनुभव येतो आणि तो काही मिनिटांत किंवा तासांत, फार तर दोन दिवसांत, आपोआप ओसरतो. तेवढ्यावर तो थांबला तर त्याला आजार मानण्याचे कारण नाही. थोड्या लोकांत मात्र हे डोलणे आठवडे, महिने आणि काही वेळा वर्षानुवर्षे टिकते. अशा टिकाऊ स्वरूपाला ‘माल द देबार्कमाँ लक्षणसमूह’ म्हणतात.

भोवळ येणे या एकाच नावाखाली आपण अनेक निरनिराळे अनुभव मोडतो, त्यामुळे या भासाचे स्वरूप नेमके सांगणे आवश्यक आहे. यात खोली गरगर फिरत नाही, डोके वळवताच झटका येत नाही, आणि उलटी होणेही सहसा आढळत नाही. जाणवते ते संथ, तालबद्ध, पुन्हा पुन्हा येणारे आंदोलन. कोणाला ते पुढेमागे होते, कोणाला डावीकडून उजवीकडे, तर कोणाला लाटेवर उचलले जाऊन खाली सोडल्यासारखे. चालताना गादीवर पाऊल पडल्यासारखे वाटते. स्वस्थ उभे राहिल्यावर, संगणकासमोर बसल्यावर किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर डोलणे अधिक तीव्र होते, कारण त्या वेळी त्याला झाकून टाकणारी दुसरी कोणतीही खरी हालचाल नसते. काहींचे शरीर बाहेरून पाहणाऱ्यालाही किंचित हलताना दिसते. पुष्कळांचे मात्र अजिबात हलत नाही, आणि तरीही आतली जाणीव तितकीच खरी असते. दीर्घकाळ त्रास असलेल्यांत त्याच्या जोडीला थकवा, डोके जड होणे, एकाग्रता न होणे, झगमगते दिवे किंवा गर्दीची दृश्ये सहन न होणे आणि कालांतराने चिंता किंवा खिन्नता हीही लक्षणे दिसतात.

बोट लागणे किंवा गाडी लागणे या परिचित त्रासाशी याची गल्लत केली जाते, पण दोहोंची चाल एकमेकांच्या उलट आहे. बोट लागते ती हालचाल चालू असताना, आणि किनाऱ्याला उतरल्यावर माणसाला बरे वाटू लागते. येथे त्रास सुरू होतो तोच उतरल्यावर, आणि पुन्हा वाहनात बसल्यावर तो कमी होतो. मोटार चालवताना आपण पूर्ण बरे आहोत असे वाटणे आणि गाडी थांबवताच काही क्षणांत डोलणे परतणे, हे या लक्षणसमूहाचे सर्वांत बोलके चिन्ह आहे. तोल बिघडवणाऱ्या दुसऱ्या बहुतेक विकारांत प्रवासाने त्रास वाढतो, म्हणून निदानाच्या दृष्टीने या एका खुणेचे मोल फार आहे.

तोलाची माहिती मेंदूकडे मुख्यतः तीन वाटांनी येते : आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व गुरुत्वाची जाणीव करून देणारे सूक्ष्म कणांचे अवयव, डोळे, आणि पाय, सांधे व स्नायूंतील संवेदना. जहाजावर या तिन्हींचा मेळ बसत नाही. केबिनच्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात, पण कान सांगतो की आपण हलतो आहोत. एक-दोन दिवसांत मेंदू या विसंगतीला सरावतो. लाटांच्या तालाचा अंदाज बांधून तो प्रत्येक हेलकाव्याआधीच शरीर सावरू लागतो. खलाशी डोलत्या फळ्यांवर सहज चालतो तो याच शिक्षणाच्या जोरावर. किनाऱ्यावर उतरल्यावर हे शिक्षण निरुपयोगी होते आणि ते मोडून काढावे लागते. ते मोडेपर्यंत मेंदू न येणाऱ्या लाटेची तयारी करत राहतो, आणि तीच तयारी आपल्याला डोलणे म्हणून जाणवते. म्हणजे अल्पकाळचा भास ही चुकीची नव्हे, तर चांगल्या जुळवणीची खूण आहे. टिकाऊ स्वरूपात ही जुळवणी का सुटत नाही, याचे एकच सर्वमान्य उत्तर नाही. मात्र बिघाड कानात नसून मेंदूच्या जुळवणीत आहे, याकडे बहुतेक पुरावा बोट दाखवतो. अमेरिकेतील संशोधक यून-ही चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या चित्रण-अभ्यासात, स्थानाची आणि दिशेची जाणीव ठेवणाऱ्या एंटोरायनल बाह्यक या मेंदूच्या भागात रुग्णांची चयापचय क्रिया वाढलेली आढळली.

अनुभव जुनाच आहे. चार्ल्स डार्विनचे आजोबा, इंग्लिश वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले होते की, जहाजाच्या हालचालीला सरावलेल्या माणसांना जमिनीवर परतल्यावर, विशेषतः झोप आणि जागेपणाच्या सीमेवर, खोली आणि तिच्यातले सामान जहाजासारखे झुलताना दिसते. 1881 मध्ये जे. ए. अर्विन यांनी समुद्री आजारावरील लेखनात याचा उल्लेख केला. तरीही महिनोन्‌महिने टिकणारा स्वतंत्र विकार म्हणून त्याचे पहिले नीट वर्णन 1987 मध्ये ब्राऊन आणि बालोह यांनी केले, आणि तेही अवघ्या सहा रुग्णांवरून. एवढ्या सार्वत्रिक अनुभवाच्या टोकाच्या रूपाला वैद्यकात जागा मिळायला इतका काळ लागला, याचे एक कारण उघड आहे : या रुग्णांत तपासणाऱ्याला दाखवता येईल असे सहसा काहीच सापडत नाही.

2020 मध्ये तोलविकारांचा अभ्यास करणाऱ्या बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने निदानाचे निकष ठरवले. त्यांनुसार गरगरणे नसलेले, आंदोलनासारखे डोलणे सतत किंवा दिवसाचा बराचसा वेळ असले पाहिजे. हालचाल थांबल्यापासून 48 तासांच्या आत ते सुरू झालेले असावे. पुन्हा वाहनात बसल्यावर ते तात्पुरते कमी व्हावे. ते 48 तासांपेक्षा अधिक टिकावे. आणि दुसऱ्या कोणत्याही विकाराने त्याचा अधिक चांगला उलगडा होत नसावा. महिन्याच्या आत ओसरणारे ते तात्पुरते, आणि महिन्याहून अधिक राहणारे ते टिकाऊ. समुद्रप्रवास हे सर्वांत नेहमीचे कारण असले, तरी विमान, रेल्वे किंवा मोटारीचा लांबचा प्रवासही पुरतो. काही जणांत तर कोणत्याही प्रवासाविना असेच डोलणे सुरू होते, पण त्याची गणना वेगळी केली जाते. टिकाऊ स्वरूपाच्या रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळच जास्त आहे आणि त्यांतील बहुतेक जणी मध्यम वयाच्या असतात. अर्धशिशीशी याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

कानाच्या तोलचाचण्या, श्रवणचाचणी आणि मेंदूचा एमआरआय हे सारे सहसा निर्दोष येते. या चाचण्या दुसरे विकार बाजूला सारण्यासाठी कराव्याच लागतात, परंतु ‘सगळे रिपोर्ट चांगले आहेत’ या वाक्यावर तपासणी थांबवणे रुग्णावर अन्याय करणारे ठरते. ज्या माणसाला चोवीस तास पायांखालची जमीन हलताना जाणवते, त्याला तो मनाचा खेळ असल्याचे सांगितले जाते, आणि एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे जाण्यात महिने निघून जातात. लक्षणे प्रवासानंतर सुरू झाली का आणि गाडीत बसल्यावर ती कमी होतात का, हे दोन प्रश्न विचारले तर निदानाची दिशा पहिल्या भेटीतच सापडू शकते.

बोट लागू नये म्हणून घेतली जाणारी मेक्लिझिन किंवा स्कोपोलामिन यांसारखी औषधे येथे सहसा उपयोगी पडत नाहीत. क्लोनाझेपामसारख्या बेंझोडायझेपिन या शामक गटातील औषधांनी अनेकांना उतार पडतो, पण त्यांची सवय लागण्याचा धोका असल्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि जपून द्यावी लागतात. नैराश्यावरील काही औषधे आणि अर्धशिशीवरील उपचार यांचाही काहींना लाभ होतो. उपचारांतील सर्वांत लक्षवेधी प्रयत्न न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेत मिंगजिया दाई, बर्नार्ड कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. माकडांवरील आधीच्या प्रयोगांवरून त्यांनी असा तर्क केला की, डोके आणि डोळे यांच्या हालचाली एकमेकींशी जुळवणारी प्रतिक्षिप्त क्रिया जहाजावर चुकीच्या पद्धतीने जुळली असावी. मग ती उलट दिशेने पुन्हा का जुळवू नये? रुग्णाला उभ्या पट्ट्यांचे सर्व बाजूंनी फिरणारे दृश्य दाखवायचे आणि त्याच वेळी त्याचे डोके त्याच्या डोलण्याच्या तालात, साधारण पाच सेकंदांत एक फेरा अशा गतीने, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे झुकवायचे, अशी ही पद्धत आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 24 पैकी 17 रुग्णांना पूर्ण किंवा मोठा आराम पडला. अडचण अशी की, उपचाराने बरे वाटू लागलेल्या काहींचा त्रास घरी परतण्याच्या लांबच्या प्रवासातच पुन्हा उद्भवला.

एकदा बरे झालेल्या माणसाला पुढच्या समुद्रप्रवासानंतर हाच त्रास पुन्हा होऊ शकतो, आणि पुढची खेप आधीच्यापेक्षा अधिक काळ चालल्याची उदाहरणे आहेत. म्हणून महिनोन्‌महिने डोललेल्या व्यक्तीने टाळता येण्याजोगा जहाजप्रवास टाळावा, आणि जाणे भागच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. काही डॉक्टर अशा वेळी प्रवासाच्या काळापुरते बेंझोडायझेपिन अल्प मात्रेत देतात. गाडीत बरे वाटते म्हणून आरामासाठी वारंवार भटकणे मात्र इष्ट नाही, कारण तो आराम गाडी थांबेपर्यंतच टिकतो आणि काहींना त्यानंतरचे डोलणे आधीहून तीव्र जाणवते.