आत्याचा सोफा आणि पावसाळ्यातली फूग

आमची आत्या बडोद्यात दांडिया बाजारला राहते, तिच्याकडे चामड्याचा सोफा आहे, अगदी खरा, आणि जीवापाड जपते ती त्याला. मे महिन्यात तिने तो अंगाच्या साबणाच्या फेसाने पुसला, मग कोरडा दिसतो म्हणून वाटीभर खोबरेल चोळलं. आणि श्रावणात बघते तर पाठीमागे पांढरट-हिरवे ठिपके. फूग! (बुरशीला बडोद्यात आम्ही फूगच म्हणतो.) "अरे एवढं तेल पाजलं तरी असं कसं रे?" तर आत्या, त्या तेलानेच घात केला.

चामडं म्हणजे शेवटी कातडी, आणि कातडी म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रोटीन, ज्याच्या तीन-तीन साखळ्या वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. कच्ची कातडी ओली राहिली की सडते, वाळली की पापडासारखी कडक होते, म्हणून ती कमवावी लागते, म्हणजे टिकाऊ करून घ्यावी लागते. पूर्वी हे काम बाभळीच्या सालीने, हिरड्याने व्हायचं, आता बहुतेक ठिकाणी क्रोमियमच्या क्षारांनी होतं (ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत त्याचं पेटंट १८८४ मध्ये घेतलं). क्रोमियम त्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं, आणि ती बांधणी इतकी पक्की असते की साधं कोलॅजेन ६०-६५ डिग्रीला आकसतं पण क्रोमवालं जवळजवळ उकळत्या पाण्यापर्यंत तग धरतं, मला तर हे फार भारी वाटतं!

आता तेलाचं. कारखान्यातच चामड्याला पाण्यात घुसळलेलं तेल पाजतात, ते धाग्याधाग्यात जाऊन बसतं आणि धागे एकमेकांवरून सरकतात म्हणून चामडं मऊ. वरून रंगाचा आणि प्लास्टिकसारखा पातळ थर देतात, घरातल्या बहुतेक सोफ्यांवर तो असतोच. मग आपण चोळलेलं खोबरेल आत जाणार कुठून? ते वरच राहतं, शिवणीत साचतं, धूळ धरतं, खवट होतं. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतातच, त्यांना फक्त खायला आणि ओल पाहिजे, हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की त्यांचं काम सुरू. जुलै-ऑगस्टमधलं बडोदं, खिडक्या बंद, सोफा ओलसर भिंतीला चिकटून, आणि वर खोबरेल!

साबणाचं पण तसंच. चामडं थोडं आम्लधर्मी असतं, पीएच (आम्लपणाचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ४-५ च्या आसपास, आणि साबणाचा ९-१०. असं वारंवार केलं की आतलं तेल सुटतं, वरचा थर निस्तेज होतो. खायचा सोडा पण नको, व्हिनेगर पण नको, सॅनिटायझर तर अजिबात नको, अल्कोहोलने रंगाचा थरच सुटतो.

करायचं एवढंच: आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने शिवणीतली धूळ काढा, मग कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळून पुसा आणि लगेच कोरडं करा, फारच मळलं असेल तर चामड्यासाठीच मिळणारा क्लीनर, तोही आधी मागच्या कोपऱ्यात लावून बघून. एक थेंब पाणी टाकून पाहा, थेंब वर उभा राहिला तर थर आहे, आत शिरून डाग गडद झाला तर थर नाही, अशा सोफ्याला पाणी फार जपून.

आणि पोपडे निघत असतील तर ते बहुतेक चामडं नसतंच, कापडावर पॉलीयुरेथेन नावाचं प्लास्टिक चढवलेलं असतं, दमट हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतं, त्यावर काही लावून उपयोग नाही. शेजारच्या काकूंना दुकानदाराने असलाच "प्युअर लेदर" म्हणून विकला, याचा मला अजून राग येतो.

आत्याचा सोफा आम्ही गॅलरीत काढला, तोंडाला मास्क बांधून कोरड्या ब्रशने फूग झाडली (बीजाणू नाकात जातात, घरात झाडू नका), पिळलेल्या कापडाने पुसून सावलीत पंख्याखाली वाळवला, उन्हात नाही, उन्हाने रंग उडतो. शिवणीत थोडे डाग राहिलेत. आता तो भिंतीपासून वीतभर लांब असतो, आणि खोबरेलची बाटली परत बाथरूममध्ये गेलीये.