रात्रीचा भोंगा भिंतीवरून येतो

थंडी पडू लागली की रुळांलगतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्रार हमखास येते: रात्रपाळीचे ड्रायव्हर मुद्दाम जोरात भोंगा वाजवतात. त्यावर कुणीतरी सुचवतं, कंपाउंड वॉल आणखी पाच फूट चढवू या. तक्रार खरी आहे, पण आरोप चुकीचा आहे. भिंतीवरचा खर्चही बहुतेक पाण्यात जाईल.

भोंगा दिवसा-रात्री तोच असतो. बदलते ती मधली हवा. 'रात्री शांतता असते म्हणून जास्त ऐकू येतं' हे उत्तर अर्धंच. 'थंड हवेत आवाज वेगाने जातो' हे तर साफ उलटं. 20 अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो आणि तापमान एक अंशाने उतरलं की हा वेग साधारण 0.6 मीटरने घटतो. एवढ्याशा फरकावर पुढचं सगळं घडतं.

दुपारी जमीन तापलेली असते. तिच्यालगतची हवा जास्त गरम, वरची कमी. म्हणजे ध्वनिलहरीचा खालचा भाग वेगाने पुढे सरकतो, वरचा मागे राहतो आणि लहर आकाशाकडे वळते. मिरवणुकीत लेझीमची रांग वळण घेताना बाहेरच्या कडेची मुलं भराभर पावलं टाकतात, आतली जागच्या जागी रेंगाळतात, तसंच हे. भोंग्याचा बराचसा आवाज अशा रीतीने आपल्या डोक्यावरून निघून जातो.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून गार होते. आता थंड हवा खाली आणि उबदार हवा वर. लहरीचा वरचा भाग पुढे धावतो आणि लहर जमिनीकडे वाकते. थोडा हिशेब करू. समजा 50 मीटर उंचीवरची हवा 5 अंशांनी उबदार आहे. म्हणजे तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला 3 मीटर जास्त. दर मीटर उंचीला 0.06. मूळ वेगाला या आकड्याने भागलं की लहर ज्या वर्तुळाच्या चापावरून जाते त्याची त्रिज्या मिळते: 340 भागिले 0.06, म्हणजे साडेपाच किलोमीटरांहून थोडी जास्त. अशा चापावरून जेमतेम 5 अंश वर निघालेला आवाज वाटेत सुमारे 22 मीटर उंची गाठतो आणि जवळपास एक किलोमीटरवर पुन्हा खाली उतरतो. 22 मीटर म्हणजे सहा-सात मजले. तुमची दहा फुटी भिंत त्याच्या वाटेत येतच नाही.

चाकांच्या खडखडाटासाठी भिंत उपयोगी पडते, कारण तो आवाज रुळालगत जन्मतो. भोंगा इंजिनाच्या माथ्याशी असतो. शिवाय 340 हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी एक मीटर भरते. एवढी लांब लहर भिंतीच्या कडेवरून सहज वळून पलीकडे उतरते.

मग उपाय काय? भोंगा का वाजतो तिथे जावं लागतं. फाटकाच्या बऱ्याच अलीकडे रुळाशेजारी 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी असते. ती दिसली की फाटक ओलांडेपर्यंत भोंगा देणं हे लोको पायलटचं कर्तव्यच आहे, मर्जी नव्हे. पाटी 600 मीटरवर आणि गाडी ताशी 100 किलोमीटरवर असेल तर हे जवळपास 22 सेकंद चालतं. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपली, पहाऱ्याची मात्र हजारोंनी उरली आहेत. फाटकाऐवजी पूल झाला की पाटी जाते आणि तिच्यामुळे वाजणारा भोंगाही. अमेरिकेत 2005 च्या नियमांनुसार, मोटारी वळसा घालून घुसू शकणार नाहीत अशी अडथळ्यांची सोय केली तर त्या पट्ट्यात नेहमीचा भोंगा बंद ठेवता येतो. काही ठिकाणी भोंगा फाटकाच्या खांबावरच, रस्त्याकडे तोंड करून बसवतात. ज्याला ऐकू जायला हवं त्यालाच ऐकू जातं. मला हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

मुंबईत फाटक नसलं तरी रूळ ओलांडणारी माणसं असतात. वडाळ्याला 2010 च्या सुमारास एक प्रयोग झाला, त्यात एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे दिले गेले. मधल्या क्षणभराच्या शांततेमुळे दुसरा आवाज जास्त टोचतो, असा त्यामागचा विचार. इशारा परिणामकारक व्हायला तो लांबलचकच हवा असं नाही.

हे होईपर्यंत घरात काय करायचं? खिडकीत पिरॅमिड ठेवून 'ध्वनिदोष' घालवणारे वास्तुतज्ज्ञ आणि 'साउंडप्रूफ' पडदे विकणाऱ्या जाहिराती, दोघांनाही नमस्कार. पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा भोंगा जवळपास तसाच येतो. आधी फटी बुजवा. 40 डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत फक्त एक टक्का क्षेत्रफळाची फट असेल तर ती भिंत जेमतेम 20 डेसिबल अडवते. स्लायडिंग खिडकीच्या दोन पल्ल्यांमध्ये एवढी फट सहज निघते. कडांना रबर बसवलेली, दाबून बंद होणारी खिडकी घ्या, आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकी विसरू नका.