ईमॅक्स उघडायला वेळ का लागतो: चाळीस वर्षांची पार्श्वभूमी

ईमॅक्स सुरू व्हायला लागणारा वेळ हे काही अलीकडचं दुखणं नाही, त्याचं मूळ या एडिटरच्या घडणीतच आहे. १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ईमॅक्स जन्मला तो टेको या जुन्या एडिटरवर रचलेल्या मॅक्रोंचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांचा, संच म्हणून. १९८४मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी तो नव्याने लिहायला घेतला. तेव्हा गाभा तेवढा सी भाषेत ठेवला आणि बाकीचं बहुतेक काम लिस्प या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे सोपवलं. फाइल उघडणं, मजकूर शोधणं, केलेला बदल मागे घेणं, यातला मोठा भाग लिस्पमध्ये आहे. म्हणून तर वापरणाऱ्याला तो हवा तसा वळवता येतो. पण मग पहिली कळ दाबण्याआधी हे सगळं लिस्प मेमरीत यायला हवं.

त्या काळच्या यंत्रांवर दर वेळी इतकं लिस्प वाचत बसणं परवडणारं नव्हतं. त्यावर काढलेला उपाय आजही थक्क करतो. बांधणी करताना, म्हणजे मूळ कोडपासून चालवता येणारा प्रोग्रॅम तयार करताना, आधी टीमॅक्स नावाचा नुसता सी गाभा तयार व्हायचा. तो पायाभूत लिस्प फाइली वाचायचा आणि मग स्वतःची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर लिहून काढायचा. ती प्रत म्हणजेच लोक चालवत तो ईमॅक्स. कणीक रात्रीच मळून ठेवावी, तसं हे काम सुरू होण्याच्या क्षणातून काढून बांधणीच्या वेळेत ढकललेलं होतं. या तंत्राला अनेक्झेक म्हणतात.

पण चालत्या प्रोग्रॅमची मेमरी उचलून तिची फाइल करायची, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात हात घालावा लागतो. त्यामुळे प्रत्येक प्रणालीसाठी अनेक्झेकची वेगळी फाइल सांभाळावी लागे. पुढे सुरक्षेसाठी मेमरीचे पत्ते दर वेळी बदलण्याची पद्धत आली आणि बांधणीपुरती ती बंद करण्याची सोय ईमॅक्सला करावी लागली. डॉकरसारख्या बंदिस्त वातावरणात तीही नाकारली जाई आणि बांधणी अडे. २०१६च्या सुमारास ग्लिबसी या लिनक्सवरच्या पायाभूत सी लायब्ररीच्या मंडळींनी मेमरी वाटपातली, मुख्यतः ईमॅक्सच वापरत असलेली जुनी सोय काढायचं ठरवलं, तेव्हा अनेक्झेकचे दिवस भरले हे उघड झालं. सगळं लिस्प एकाच मोठ्या फाइलीतून वाचण्याचा प्रयोगही झाला. अखेर डॅनियल कोलासिओन यांचा पोर्टेबल डंपर स्वीकारला गेला आणि ऑगस्ट २०२०च्या २७.१ आवृत्तीत तो आला. मेमरीची आख्खी प्रत न काढता हा डंपर लिस्पच्या वस्तू वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि सुरू होताना त्यांचे पत्ते जुळवून घेतो. माझ्या मते ईमॅक्सच्या इतिहासातलं हे सर्वांत कमी कौतुक झालेलं मोठं काम आहे. (याच आवृत्तीत हार्फबझ आलं आणि देवनागरी जोडाक्षरं मांडण्याचं काम त्याच्याकडे गेलं. मराठी लिहिणाऱ्यांनी ती आवृत्ती तेवढ्यासाठीही लक्षात ठेवावी.)

गाभ्याचा प्रश्न असा सुटत गेला, पण तोवर वेळ खाणारं दुसरंच काही उभं राहिलं होतं. २०१२मध्ये २४व्या आवृत्तीसोबत पॅकेजं, म्हणजे ईमॅक्सला जोडायचे लिस्प प्रोग्रॅम, उतरवून घेणारा व्यवस्थापक आला आणि लोकांच्या ईमॅक्समध्ये शेकडो पॅकेजं जमू लागली. प्रत्येकाची वेगळी डिरेक्टरी. एक फाइल हवी तर ईमॅक्स या डिरेक्टऱ्या एकामागून एक धुंडाळतो, त्यामुळे यादीच्या तळाशी असलेल्या पॅकेजसाठी कितीतरी फेऱ्या फुकट जातात. फंक्शन पहिल्यांदा बोलावलं की मगच त्याची फाइल वाचायची, ही ऑटोलोडची सोय खूप जुनी होती. जॉन विग्ली यांच्या यूझ-पॅकेज या पॅकेजने ती सामान्य वापरणाऱ्याच्या हातात सहज दिली. २७व्या आवृत्तीने सगळ्या पॅकेजांचे ऑटोलोड एका फाइलीत गोळा करण्याची सोय दिली, शिवाय खिडकी उघडण्याआधी आणि पॅकेजं जागी होण्याआधी वाचली जाणारी, वापरणाऱ्याच्या सेटिंगची अर्ली-इनिट फाइलही.

त्या फाइलीत बहुतेक जण पहिली ओळ लिहितात ती कचरा, म्हणजे आता न लागणारी मेमरी, गोळा करण्याच्या मर्यादेची: इतकी नवी मेमरी वापरली की झाडलोट करायची. मूळ मर्यादा ८,००,००० बाइटची. सुरुवातीला भराभर मेमरी लागते, म्हणून ईमॅक्स पुन्हा पुन्हा थांबून झाडलोट करतो. सुरू होईपर्यंत मर्यादा वाढवली तर फरक जाणवतो. मात्र ती नंतर खाली आणायलाच हवी. तशीच ठेवली तर साठलेला कचरा टायपिंग करताना एकदम काढला जातो आणि कर्सर अडखळतो. उघडताना वाचवलेला वेळ असा लिहिताना द्यावा लागतो, आणि तो जास्त खुपतो.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांच्यासाठी २००९च्या २३व्या आवृत्तीपासून डीमन आहे. लॉगिन करताना एकदा ईमॅक्स सुरू करून मागे चालू ठेवायचा आणि नंतर ईमॅक्सक्लायंटने त्याची नवी खिडकी मागायची. ती जवळजवळ तत्काळ उघडते.

२०२२च्या २८.१ आवृत्तीत नेटिव्ह कंपायलेशन, म्हणजे लिस्पचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर, आलं. त्याने ईमॅक्स लवकर उघडतो हा मात्र गैरसमज आहे. आंद्रेआ कोराल्लो यांच्या या कामाने लिस्प चालण्याचा वेग वाढला. सुरू होतानाचा बराचसा वेळ फाइली शोधण्यात आणि वाचण्यात जातो, तिथे त्याची मदत बेताचीच. उलट नवी पॅकेजं घातल्यावर पहिल्यांदा ईमॅक्स मागे कंपाइल करत बसतो आणि थोडा वेळ पंखा जोरात फिरतो.