फेल्टची भातुकली शिवताना: मोदक, अळूवडी, पोळी

पितळेची भातुकली, सावंतवाडीची लाकडी फळे यांच्या शेजारी आता फेल्टचे (तंतू दाबून केलेल्या, न विणलेल्या कापडाचे) पदार्थही येऊन बसले आहेत. फेल्टला धारदार कड नसते, ते टोचत नाही, डोक्यात मारले तरी लागत नाही. पण लाकडी फळ उघडत नाही आणि फेल्टचा मोदक शिवण सुटली की उघडतो, आत भरलेला फायबर (कृत्रिम कापूस) थेट मुलाच्या तोंडात जातो. म्हणून शिवणाच्या संचासोबतच्या या पत्रकात सजावटीपेक्षा शिवणीबद्दल जास्त लिहिले आहे.

संचात २१ × ३० सेंटिमीटरची, १ मिलिमीटर जाडीची फेल्टची ५ पाने आहेत: मोतिया १, गडद हिरवे १, बेसनी १, बदामी २. त्यातून २ मोदक, ४ अळूवड्या आणि १ पोळी होते. सोबत २५ ग्रॅम पॉलिफायबर, दोऱ्याच्या ८ मीटरच्या चार लड्या आणि भरतकामाच्या ८ नंबरच्या दोन सुया आहेत. मोदकाला पांढराशुभ्र रंग न देता मोतिया दिला, कारण आठवड्याभरात पांढऱ्यावर हातांचे ठसे उठतात.

बाजारातून जादा फेल्ट घेणार असाल तर मऊ घ्या. पुठ्ठ्यासारखे कडक फेल्ट फलकांवरच्या अक्षरांना चांगले, मोदकाच्या गोलाईला ते वळत नाही. पांढरा सुती रुमाल ओला करून गडद रंगावर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर ते फेल्ट खेळण्यासाठी वापरू नका, कारण लहान मूल पहिल्यांदा ते चोखणार. फेल्ट दोन्ही दिशांना ओढूनही पाहा. एका दिशेने ते जास्त ताणते. मोदकाच्या सगळ्या पाकळ्या त्याच दिशेने कापा, नाहीतर अर्ध्या पाकळ्या लांबतात आणि मोदक एका अंगाला कलतो.

टाका आणि दोरा

लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्या. दोरा हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर ठेवा. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि फेल्टमधून सारखा ओढला गेल्याने तो पिंजतो. कडांना काजटाका (बटणाच्या काजासारखा, कडेवर दोऱ्याचा फास बसणारा टाका) घाला. दोन टाक्यांत ३ मिलिमीटर आणि कडेपासून आत २ मिलिमीटर, हे माप सोडू नका. टाके फार जवळ पडले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि फेल्ट त्याच रेषेवर फाटते. फार लांब पडले तर फटीतून फायबर डोकावतो, आणि मुलांची बोटे नेमकी तिथेच जातात.

काजटाक्याला शिवणीच्या चौपट दोरा लागतो. एका मोदकाची शिवण सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन पदरी अडीच मीटर. एका लडीतून दोन पदरी २४ मीटर निघतो, तेव्हा दोरा पुरेल की नाही याची काळजी नको. शिवण संपली की त्याच जागी तीन बारीक टाके घाला, सुई मोदकाच्या पोटातून ३–४ सेंटिमीटर आरपार काढा आणि मग दोरा कापा. कडेला नुसती गाठ मारून दोरा कापला तर गाठ पहिल्या धुण्यात सुटते.

मोदक

एका मोदकाला सहा पाकळ्या. पाकळीची उंची ७ सेंटिमीटर, तळाशी रुंदी ३.५, तळापासून दीड सेंटिमीटरवर ४, आणि वरचा तिसरा भाग आत वळत टोकाला मिळतो. हे वळण सरळ कापले तर मोदक न होता तंबू होतो.

दोन पाकळ्या एकमेकींवर ठेवा आणि टोकाच्या ३ मिलिमीटर खालून सुरुवात करून तळाकडे शिवत या. टोकाकडून शिवायचे कारण असे की कापण्यात झालेली कमीजास्त चूक तळाशी येते आणि तिथे ती कात्रीने सारखी करता येते. तळाकडून शिवलेत तर तीच चूक शेंड्यावर येऊन बसते. शिवण बाहेरच ठेवा, उलटवू नका. उभी राहिलेली ही काजटाक्याची कड म्हणजेच मोदकाची कळी. सहाही पाकळ्या जोडल्या की दोरा सहाही टोकांतून एकदा गोल फिरवा, ओढून घ्या, आत गाठ मारा. शेंडा नीट मिटतो.

तळाची चकती ६.३ सेंटिमीटर व्यासाची. मोदक लहानमोठा करायचा असेल तर हिशेब असा: पाकळीच्या रुंदीतून दोन्ही बाजूंचे मिळून ४ मिलिमीटर शिवणीत जातात, उरतात ३.१ सेंटिमीटर. त्याची सहापट १८.६. त्याला ३.१४ ने भागले की ५.९, आणि चकतीच्या शिवणीसाठी ४ मिलिमीटर मिळवले की ६.३.

तळाची ३ सेंटिमीटर शिवण उघडी ठेवून फायबर भरा. आधी शेंड्यात, चिमूट चिमूट, पेन्सिलीच्या बोथट टोकाने सारत. एकदम मोठा गोळा कोंबला तर शेंडा पोकळ राहतो आणि दोन दिवसांत लोळतो. एका मोदकाला ६ ते ८ ग्रॅम पुरतो. तांदूळ, साबुदाणा किंवा डाळ भरू नका: कीड लागते, आणि शिवण उसवली तर दाणे मुलाच्या नाकातोंडात जातात. साधा कापूस धुतल्यावर गठ्ठा होतो.

अळूवडी

एका वडीला दोन पट्ट्या, दोन्ही दीड सेंटिमीटर रुंद. बेसनी पट्टी ४५ सेंटिमीटर, हिरवी ५०. फेल्टचे पान ३० सेंटिमीटरचेच असल्याने पट्टी जोडावी लागते. टोके एकावर एक चढवू नका, समोरासमोर टेकवून शिवा, नाहीतर वडीत गाठ दिसते.

हिरवी ५ सेंटिमीटर जास्त का? ती बाहेरच्या अंगाला असते. दोन्ही पट्ट्या मिळून २ मिलिमीटर जाड, वडी होते साडेतीन सेंटिमीटरची, म्हणजे साडेआठ वेढे. प्रत्येक वेढ्याला बाहेरच्या पट्टीला सुमारे ६ मिलिमीटर जास्त वाट चालावी लागते. पट्ट्या सारख्या लांबीच्या घेऊन आधीच एकमेकींना शिवल्या तर गुंडाळताना आतली बेसनी पट्टी सुरकुतते. म्हणून बेसनी आत, हिरवी बाहेर धरून घट्ट गुंडाळा, हिरव्या टोकाने शेवट झाका आणि मगच शिवा. शेवटी लांब सुईने वडीच्या आरपार तीन टाके, चांदणीसारखे, प्रत्येक मधोमध जाणारा. सुई जड जाते, अंगुस्ताना (बोटावरची टोपी) घाला.

वडी याहून लहान करू नका. खेळण्यांसाठीच्या आयएस ९८७३ या भारतीय मानकात लहान भागांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीने होते. न दाबता त्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. ३० सेंटिमीटरच्या पट्टीची वडी मावते, ४५ ची मावत नाही. याच कारणाने संचात मणी, बटणे, टिकल्या नाहीत. वरून लावूही नका.

पोळी

बदामी रंगाच्या १६ सेंटिमीटरच्या दोन चकत्या, कडेने काजटाका, आत काही भरायचे नाही. तव्यावरचे डाग चकत्या जोडण्याआधी तपकिरी दोऱ्याच्या आडव्यातिडव्या टाक्यांनी भरा. स्केचपेनचे डाग थुंकीने पसरतात, आणि इस्त्रीने डाग पाडायला गेलात तर पॉलिएस्टरचे फेल्ट वितळून चिकटते. गरम गोंदाच्या बंदुकीने कडा चिकटवू नका: गोंद वाळून टणक होतो, मुलांच्या हातांत तुटतो.

देण्याआधी

प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंनी धरून दहा मोजेपर्यंत जोरात ओढा. टाके उघडे दिसले तर तेवढी शिवण उसवून पुन्हा घाला, वरून ठिगळटाका मारू नका. सुया मोजा, कामाला बसताना जितक्या होत्या तितक्याच उठताना हव्यात. टाचण्यांऐवजी कपड्यांचे लहान चिमटे वापरलेत तर ही चिंता अर्धी होते. तरीही प्रत्येक पदार्थावरून लोहचुंबक फिरवा, आत राहिलेली सुई लगेच ओढ देते.

धुणे थंड पाण्यात, हाताने, सौम्य साबणाने. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा. पावसाळ्यात मोदक धुवू नका, आतला फायबर वाळायला फार वेळ घेतो आणि कुबट वास धरतो. ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा. पोळी मात्र केव्हाही धुता येते.

शिवलेले पदार्थ विकायचा विचार असेल तर आधी एवढे पाहा: १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे.